धूम, रज आणि श्वास : डॉ. संदीप साळवी यांच्या संशोधनाचा चिकित्सकांसाठी अर्थ

हिक्का व श्वास यांची कारणे सांगताना चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात रज आणि धूम यांना अग्रस्थान दिले आहे. वारा, शीत स्थान, शीत जल, अतिव्यायाम, अतिप्रवास, रूक्षान्न, विषमाशन ही कारणे त्यानंतर येतात. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ही यादी मुखोद्गत केली, परीक्षेत लिहिली आणि पदवी मिळाल्यावर बहुतेकांनी ती मागे ठेवली. चिकित्सालयात श्वासाचा रुग्ण आला की आपण दही, केळी, दिवास्वाप आणि थंड पाणी यांविषयी आवर्जून विचारतो. घरात चूल कोठे आहे, तिच्यात काय जळते, तिच्यापुढे दिवसाचे किती तास जातात, हे क्वचितच विचारले जाते. यादीतील शेवटच्या कारणांविषयी आपण दक्ष आणि पहिल्या दोहोंविषयी उदासीन, अशी ही स्थिती आहे.

या पहिल्या दोन कारणांचा अभ्यास पुण्याचे श्वसनविकार संशोधक डॉ. संदीप साळवी यांनी गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालविला आहे. ते आधुनिक वैद्यकाचे पदवीधर आहेत. आयुर्वेदाशी त्यांच्या संशोधनाचा थेट संबंध नाही. तथापि मराठवाड्यातील वैद्याला आणि औषधी दुकानदाराला त्यांच्या कार्यातून जे घेता येण्यासारखे आहे, ते आपल्या परिषदांमधील कित्येक निबंधांतून मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेख त्याच हेतूने लिहिला आहे.

डॉ. साळवी यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात पीएच.डी.साठी संशोधन केले. विषय होता डिझेलच्या धुराचा निरोगी माणसाच्या श्वसनमार्गावर होणारा परिणाम. स्टीफन होलगेट आणि अँथनी फ्रू हे साउदॅम्प्टनचे ज्येष्ठ संशोधक आणि उत्तर स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातील शास्त्रज्ञ या कामात सहभागी होते. या अभ्यासाचा निबंध सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. (योगायोग असा की त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला.) प्रयोगाची रचना समजून घेण्यासारखी आहे. पंधरा निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या स्वयंसेवकांना एका बंद कक्षात एक तास बसविण्यात आले व मधून मधून व्यायाम करण्यास सांगण्यात आले. एका वेळी त्यांना शुद्ध हवा देण्यात आली, दुसऱ्या वेळी विरल केलेला डिझेलचा धूर. धुरातील कणांचे प्रमाण दर घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅम इतके ठेवले होते. सहा तासांनंतर दुर्बिणीने श्वासनलिकांची तपासणी करून, त्या धुऊन घेतलेल्या द्रवाचे व अंतस्त्वचेच्या सूक्ष्म तुकड्यांचे परीक्षण करण्यात आले.

निष्कर्ष दोन होते आणि दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. धुरानंतर श्वासनलिकांच्या अंतस्त्वचेत शोथाच्या पेशी लक्षणीय वाढल्या होत्या. त्यांना रक्तातून ओढून आणणारे रेणूही वाढले होते. इतकेच नव्हे तर रक्तातील श्वेतपेशी आणि रक्तकणिका यांतही बदल दिसला. मात्र त्याच व्यक्तींची फुप्फुसाची कार्यक्षमता नेहमीच्या चाचणीत पूर्वीइतकीच होती. फुंकण्याच्या यंत्राने ‘सर्व ठीक’ असे सांगितले आणि त्याच वेळी आत शोथ सुरू झालेला होता.

षट्क्रियाकालाचा सिद्धांत शिकलेल्या वैद्याला हे वाचून काय आठवावे, हे सांगण्याची गरज नाही. संचय, प्रकोप, प्रसर आणि स्थानसंश्रय हे टप्पे पार पडेपर्यंत व्याधी व्यक्त होत नाही, हे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. परंतु येथे एक सावधगिरी आम्हांस आवश्यक वाटते. उमेओच्या त्या कक्षाने सुश्रुताचा सिद्धांत ‘सिद्ध केला’ असे म्हणणे योग्य नव्हे. आपल्या नियतकालिकांतून अशी वाक्ये वारंवार छापली जातात आणि त्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी घटते. साम्य विचाराच्या दिशेत आहे: व्यक्तावस्थेपूर्वी व्याधीला गाठले पाहिजे. तेवढे साम्यही आपल्याला कामाला लावण्यास पुरेसे आहे.

एक तास आणि ३०० मायक्रोग्रॅम, हे आकडे लक्षात ठेवून आपल्या जिल्ह्यातील स्वयंपाकघरात यावे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि मिळेल तो लाकूडफाटा पेटलेल्या, छताला धुराडे नसलेल्या खोलीत कणांचे प्रमाण स्वयंपाकाच्या वेळी याच्या कित्येक पटींनी वर जाते; हजाराचा आकडा ओलांडणे ही तेथे नवलाची बाब नाही. स्वयंसेवक तासाभराने कक्षाबाहेर पडले. आपल्याकडील स्त्री वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी आईशेजारी चुलीपुढे बसते आणि सून येऊन तिने चूल हाती घेईपर्यंत तेथून उठत नाही.

या स्त्रीला वैद्यकीय साहित्यात स्थान मिळण्यास फार काळ लागला. धूम्रपान हेच फुप्फुसाच्या दीर्घकालीन अवरोधाचे, म्हणजे सीओपीडीचे, कारण होय, असे विसाव्या शतकातील पाश्चात्य पाठ्यपुस्तके शिकवीत राहिली. सन १९५९ मध्ये दिल्लीच्या डॉ. पद्मावती यांनी फुप्फुसविकारामुळे निकामी झालेल्या हृदयाच्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांतही हा विकार मोठ्या प्रमाणात आढळतो याकडे लक्ष वेधले. तरी मुख्य प्रवाहातील मत बदलले नाही. सन २००९ मध्ये डॉ. साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर विस्तृत आढावा लिहिला. जगभरातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नाही, हे त्यांनी उपलब्ध अभ्यासांवरून दाखविले. धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी, तर जैव इंधनाच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणून जागतिक पातळीवर चुलीचा धूर हेच या रोगाचे सर्वांत मोठे कारण असू शकते, असे प्रतिपादन त्यांनी केले. आमच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. तोवर ‘विडी ओढता का?’ या एका प्रश्नावर वैद्यकीय इतिवृत्त थांबत असे आणि चुलीपुढची स्त्री त्या प्रश्नाच्या चाळणीतून सुटून जात असे.

मायदेशी परतल्यावर डॉ. साळवी यांनी पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेचे संचालकपद अनेक वर्षे सांभाळले. पुढे पुण्यातच पल्मोकेअर रिसर्च अँड एज्युकेशन, संक्षेपाने ‘प्युअर’, या संस्थेद्वारे त्यांचे कार्य चालू राहिले. संस्थांचा इतिहास हा या लेखाचा विषय नाही. एका अभ्यासाकडे मात्र प्रत्येक व्यावसायिक चिकित्सकाने पाहावे. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावे यांतील ७४०० चिकित्सकांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची लक्षणे व निदान एका साध्या तक्त्यात नोंदविले. रुग्णसंख्या झाली २,०४,९१२. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्ण श्वसनसंस्थेच्या लक्षणांसाठी आलेले होते. निदानांमध्ये उच्च रक्तदाब आणि श्वासमार्गाचा अवरोध (दमा व सीओपीडी मिळून) हे दोन्ही सुमारे साडेचौदा टक्क्यांवर, जवळजवळ बरोबरीने होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आज प्रत्येक चिकित्सालयात आहे. श्वास मोजण्याचे यंत्र किती ठिकाणी आहे? एक दिवस, तोही हिवाळ्यातील, ही या अभ्यासाची मर्यादा खरी. परंतु त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागली नाही, लागली ती चिकित्सकांची लेखणी, हे विसरता येत नाही.

पुढे २०१८ मध्ये भारतातील राज्यनिहाय श्वसनविकारांच्या भाराचा अहवाल आला. त्याच्या प्रमुख लेखकांत डॉ. साळवी होते. देशातील सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाले. दम्याचे रुग्ण २०१६ मध्ये ३ कोटी ७९ लाख. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा १८ टक्के, मात्र दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्यवर्षांत तो ३२ टक्के. सीओपीडीच्या या भारापैकी ५३.७ टक्के भाराचे कारण घराबाहेरील व घरातील वायुप्रदूषण, २५.४ टक्के भाराचे तंबाखू आणि १६.५ टक्के भाराचे व्यवसायातील धूळ-धूर, असे त्या अहवालाचे गणित आहे. चरकाचार्यांचे रज आणि धूम येथे टक्केवारीसह मांडलेले दिसतात.

व्यवसायातील रज म्हटले की आपल्या जिल्ह्यात प्रथम हळद आठवते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु हळद शिजविताना भट्टीचा धूर आणि ढोलात पॉलिश करताना उडणारी भुकटी श्वासात घेणारे मजूर त्या काळात खोकत आपल्याकडे येतात. हरिद्रा कफघ्न आहे, श्वासहर योगांत आहे, हे सर्व खरे. पण पोटात घेतलेले द्रव्य आणि फुप्फुसात गेलेली त्याची धूळ यांचे गुणधर्म एकच मानणे ही फसवणूक होईल. सोयाबीनची मळणी, तुरीचा भुसा, कापसाची रुई यांबाबतही हेच. तोंडाला घट्ट बांधलेला ओला रुमाल मोठ्या कणांना अडवितो, सूक्ष्म कणांना अडवीत नाही. तरी काहीच नसण्यापेक्षा तो बरा आणि योग्य मुखपट्टी त्याहून बरी.

आता निदानाविषयी. चरकाचार्यांनी श्वासाचे महान, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे पाच प्रकार सांगितले. व्यवहारात आपण दम लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘तमकश्वास’ लिहून मोकळे होतो. दमा वेगात येतो, दोन वेगांमध्ये रुग्ण बराच मोकळा असतो, आणि त्याचा आरंभ बहुधा बालपणी वा तारुण्यात होतो. सीओपीडीत प्रथम दीर्घकाळ खोकला व कफ, मग चढ चढताना दम, मग सपाट रस्त्यावर, मग आंघोळ करताना, अशी हळूहळू वाढ होते; पूर्ण मोकळा काळ मिळत नाही. निश्चिती स्पायरोमेट्रीने होते. श्वासनलिका प्रसरण करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा ही एकूण बाहेर टाकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर अवरोध टिकाऊ आहे असे समजतात. त्या औषधाने पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याचा संशय बळावतो. ही चाचणी आपल्या गावी होत नसेल, तर रुग्णाला एकदा ती होते तेथे पाठवावे. क्षयाची थुंकी-तपासणी आणि हृदयविकाराची शक्यता यांचाही विसर पडू नये. श्वास हा त्यांचाही लक्षणरूप साथीदार आहे.

इतिवृत्त घेताना ‘गॅस आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर शेगडी बहुतेक घरांत पोहोचली. पण सिलिंडर संपला की तो पुन्हा भरण्याचा खर्च येतो, भाकरी चुलीवरचीच गोड लागते आणि न्हाणीतील चूल तर गॅस आल्यावरही विझत नाही. म्हणून आम्ही विचारतो, “आंघोळीचं पाणी कशावर तापतं?” या प्रश्नाला खरे उत्तर मिळते. चंडीगढ येथील संशोधकांनी चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षे असा एक सोपा निर्देशांक वापरला आहे. रोज चार तास आणि चाळीस वर्षे म्हणजे १६०. हा आकडा कागदावर लिहिला की रुग्णाच्या मुलालाही आईच्या आजाराचे कारण समजते आणि न्हाणीत धुराडे बसविण्याची गोष्ट पुढे निघते. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा, हे सूत्र येथे अक्षरशः पाळता येते.

एक अप्रिय विषय धूपनाचा. मच्छर अगरबत्तीची एक वेटोळी जळताना जे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले आणि डॉ. साळवी ही बाब लोकांपुढे सातत्याने मांडत आले. मग आपल्या धूपद्रव्यांचे काय? गुग्गुळ, राळ, कडुनिंब यांच्या धुरात औषधी द्रव्य आहे म्हणून त्यातील कण निरुपद्रवी ठरत नाहीत. श्वासाच्या रुग्णाच्या खोलीत धूपन टाळावे, सूतिकागारात करावयाचे तर माता-बालकाला बाहेर ठेवून, नंतर दारे-खिडक्या उघडून करावे, असे आमचे मत आहे. ज्येष्ठ वैद्यांना ते रुचणार नाही याची कल्पना आहे. धूमपानाबाबत चरकाचार्यांनी काल, मात्रा, पात्र-अपात्र यांचे काटेकोर नियम दिले आहेत. श्वासासाठी सांगितलेल्या हरिद्रादि धूमवर्तीत मनःशिला व हरताल, म्हणजे सोमलयुक्त द्रव्ये, येतात. ती आज कोणी वळून देऊ नये.

धूर औषध झाल्याचे एक उदाहरण इतिहासात आहे आणि ते आपल्याच देशातले आहे. मद्रासमध्ये धोतऱ्याचा धूर श्वासासाठी घेत असल्याचे पाहून १८०२ मध्ये इंग्रजांनी ते ज्ञान विलायतेला नेले. तेथे धोतऱ्याच्या सिगारेटी शतकभर खपल्या. पुढे त्यातील द्रव्याच्या जातकुळीची इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम ही औषधे सिद्ध झाली आणि आज ती धुराविना, इनहेलरमधून दिली जातात. वासेतील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन तयार झाले, हेही सर्वश्रुत आहे. म्हणून इनहेलरला ‘परके व्यसन’ म्हणून हिणविणाऱ्या वैद्यांनी थोडे थांबावे. चालू इनहेलर आपल्या औषधांसाठी अचानक बंद करविणे धोक्याचे आहे; विशेषतः दम्यात त्याने प्राणावर बेतते. वासा, कंटकारी, पुष्करमूळ, पिप्पली, शट्यादि वा सितोपलादि यांची योजना त्यासोबत करता येते. रुग्णाची स्थिती मोजमापाने सुधारली, तर मात्रा कमी करण्याचा निर्णय मूळ चिकित्सकाशी बोलून व्हावा.

वनस्पतींबाबतही मोजमापच अखेर उपयोगी पडते. अंतमूळ, ज्याला कित्येक ठिकाणी दमवेल म्हणतात, तिच्या पानांवर दिल्लीचे डॉ. शिवपुरी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तुलनात्मक अभ्यास केले आणि दम्यात उत्साहवर्धक परिणाम आढळले. सन १९७९ मध्ये दुसऱ्या गटाने तशाच पद्धतीने केलेल्या अभ्यासात उपयोग दिसला नाही. आपण पहिला अभ्यास सांगतो, दुसरा सांगत नाही. दोन्ही सांगावेत.

औषधी दुकानदार बंधूंशी येथे स्वतंत्रपणे बोलणे प्राप्त आहे. लेबल नसलेली, ‘दम्याची पुडी’ म्हणून बाजारात फिरणारी चूर्णे आपण सर्वांनी पाहिली आहेत. एका दिवसात दम मोकळा होतो, भूक वाढते, चेहरा भरतो. रुग्ण वैद्याचे गुण गातो. असा चमत्कार दाखविणाऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. महिनोन्‌महिने ते पोटात गेल्यावर मधुमेह, अस्थींचा ठिसूळपणा, मोतीबिंदू, क्षयाचा उद्रेक, आणि पुडी अचानक सुटली तर अधिवृक्क ग्रंथी काम न केल्याने मूर्च्छा व मृत्यूही. तमकश्वास याप्य आहे, नवोत्पन्न असेल तर साध्य, असे स्वतः चरकाचार्य सांगतात. ‘मुळापासून बरा करतो’ अशी हमी त्यांनी दिलेली नाही. ती पुडीवाला देतो. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि तारीख नसलेले कोणतेही श्वासहर चूर्ण विक्रीस ठेवू नये. ते आधीपासून घेणारा रुग्ण आला तर त्याला ‘आजपासून बंद कर’ असे मात्र सांगू नये. पुडीसह तज्ज्ञाकडे पाठवावे, कारण स्टेरॉइड हळूहळूच उतरवावे लागते.

आमची एक सूचना सभासदांपुढे ठेवतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांतील वैद्यांनी वर्षातून दोन ठरावीक दिवशी, एक सोयाबीनच्या मळणीत आणि एक हळद पॉलिश होण्याच्या काळात, आपल्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाची एकपानी नोंद ठेवावी. नाव नको. वय, लिंग, व्यवसाय, मुख्य लक्षण व त्याचा काळ, विडी-तंबाखू, चुलीचे तास गुणिले वर्षे, न्हाणीतील चूल आहे की नाही, पूर्वी इनहेलर वा पुडी घेतली आहे काय, आणि शक्य तेथे पीक फ्लो मीटरचे वाचन. हे साधन काही शे रुपयांत मिळते, विजेवाचून चालते. रुग्णाने तीनदा जोरात फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. भरलेली पाने तालुका प्रतिनिधींकडे जमा झाली की एकत्र गणती करता येईल.